मदत हवी आहे: उत्तर समुद्रात हिवाळाभर सर्फिंग करायचंय

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला राहते. टाइनमाउथच्या लाँगसँड्स किनाऱ्यावर उन्हाळ्यात सर्फिंग शिकले. फोमच्या बोर्डवर उभी राहते, फेसाळ लाटेवरून काठापर्यंत येते, एवढीच मजल. माझ्याबरोबर शिकणारे ऑक्टोबरात एकेक करून गळाले. पण इथले जुने सर्फर म्हणतात, खरा मोसम आता सुरू होतोय. वर नॉर्वेच्या बाजूला वादळ झालं की लाटा इकडे येतात आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे जमिनीवरून असला की त्या नीट उभ्या राहतात. उन्हाळ्यात हा समुद्र बऱ्याचदा तळ्यासारखा पडून असतो, ते पाहिलंच आहे. तेव्हा हिवाळाभर जायचं ठरवलंय.

माझा वेटसूट (गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख) ३/२ मिमीचा, म्हणजे धडाला ३ आणि हातापायांना २ मिमी जाड, आता तो पुरणार नाही. हूडवाला ५/४ घेऊ की ६/५? जाड सूटमध्ये हात मारताना खांदे भरून येतात म्हणे. वापरलेला घेतला तर चालेल का? बूट आणि हातमोजे किती जाडीचे?

दुसरं, चष्म्याचा नंबर मोठा आहे. चष्म्याशिवाय येणारी लाट धूसर दिसते. तुम्ही काय करता?

आणि पावसानंतर सांडपाणी समुद्रात सोडतात, तर किती थांबावं?

आई मालवणची. व्हिडिओ कॉलवर तिचं एकच, "खुळावलंस काय गो?" तिला सांगण्याजोगं काहीतरी द्या!

प्रतिसाद

ताई, मी सॉल्टबर्नच्या किनाऱ्यावर सर्फिंगला जातो. सरळ ६/५ घ्या. डिसेंबरच्या पाण्यावरून अंदाज बांधू नका. हवा उबदार व्हायला लागते तरी समुद्र मागेच असतो, सगळ्यात गार पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, ६ अंशांच्या आसपास. सूट अंगाला चिकटूनच हवा. सैल असला तर प्रत्येक लाटेला आतलं कोमट पाणी जातं आणि गार येतं. वापरलेला चालेल, पण शिवणी आणि गुडघे उलटवून बघा. हातमोजे ५ मिमी, बूट ५ ते ७.

गारठ्याने आधी हात बधिर होतात. अंगठा करंगळीला टेकेनासा झाला की बाहेर या, लाटा कितीही चांगल्या असोत. बाहेर आल्यावरही शरीर काही वेळ गार होतच राहतं, तेव्हा आधी कोरडे कपडे आणि टोपी, मग गरम चहा. कुडकुडत गाडी चालवू नका. हिवाळ्यात तिथे जीवरक्षक नसतात, म्हणून एकटीने नकोच. सोबतीने जा आणि काठावर कुणाला तरी सांगून ठेवा. गरज पडली तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा.

जोराच्या पावसानंतर मी दोन दिवस जात नाही. 'सर्फर्स अगेन्स्ट स्यूएज' ही १९९० मध्ये कॉर्नवॉलच्या सर्फरांनी काढलेली संस्था. त्यांच्या ॲपवर सांडपाणी सोडल्याच्या सूचना येतात, निघण्याआधी बघत जा. लेन्स घालून पाण्यात जाऊ नये असंच डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. नंबरचे, पट्टा लावलेले सर्फिंग गॉगल मिळतात, ते बघा.

कानात प्लग मात्र आतापासून घाला. गार पाणी आणि वाऱ्याने वर्षानुवर्षांत कानाच्या नळीत हाड वाढतं. माझं वाढलंय.

मूळ धागाकर्ती

खूप आभार! ६/५ शोधते. प्लग आणि हूड दोन्ही घातल्यावर शेजारच्याची हाक ऐकू येते का? आणि आईला कानातल्या हाडाचं सांगणार नाही.