बोटॅलॅकची कड्यावरील इंजिनघरे आणि समुद्राखालची खाण

प्रश्न:
इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, सेंट जस्ट गावाजवळच्या बोटॅलॅक येथे, उभ्या कड्याच्या पायथ्याशी दगडी इंजिनघरांची जोडी आहे. इतक्या अवघड जागी बांधकाम करण्याचे कारण काय असावे? खाण बंद का पडली, आणि आज तेथे काय उरले आहे?

उत्तर १:
कथील आणि तांब्याच्या शिरा कड्यातून थेट समुद्राच्या तळाखाली जातात, म्हणून खाणीचे तोंडही तेथेच ठेवावे लागले. खालचे इंजिनघर १८३५ मधले असून त्यातील यंत्र पाणी उपसत असे. वरचे १८६२ मधले. त्यातील यंत्राने बॉस्कॉवेन नावाच्या तिरक्या विवरातून खनिज वर ओढले जाई. माणसेही त्याच विवरातून साखळीने ओढल्या जाणाऱ्या गाडीतून ये-जा करीत. १८६३ मध्ये गाडीची साखळी तुटली आणि आठ पुरुष व एक मुलगा मृत्युमुखी पडले. दोनच वर्षांनी प्रिन्स ऑफ वेल्स सपत्नीक याच विवरातून खाली उतरले. त्या राजेशाही भेटीचीच आठवण अधिक निघते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर २:
बंद पडण्याचे मूळ बाजारात शोधावे लागते. परदेशी तांबे आणि कथील स्वस्तात येऊ लागल्यावर खोल, ओल्या खाणीचा खर्च निघेनासा झाला आणि १८९५ मध्ये काम थांबले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला, पण १९१४ मध्ये तोही संपला.

उत्तर ३:
अवशेषांत इंजिनघरांइतकेच महत्त्व सोमलाच्या (आर्सेनिक या विषारी द्रव्याच्या) दालनांना द्यावे, असे मला वाटते. खनिज भाजताना निघणारा धूर नागमोडी दालनांतून फिरवला जाई; तो थंड होताना सोमल भिंतींवर साचे आणि मजूर तो हातांनी खरवडून काढीत. ही दालने कड्याच्या माथ्यावर अजून दिसतात.

शेजारची लेव्हांट खाणही पाहावी. तेथे कामगारांची ने-आण करणाऱ्या मॅन-इंजिनच्या दांड्याचा वरचा धातूचा जोड २० ऑक्टोबर १९१९ रोजी तुटला आणि ३१ जण दगावले. १९३० मध्ये ती खाण बंद झाली. तिचे १८४० चे बीम इंजिन (झुलत्या तुळईचे वाफेचे यंत्र) मात्र स्वयंसेवकांनी दुरुस्त केले असून ते आता पुन्हा वाफेवर चालते. हा सारा परिसर २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.