‘कोमे’ आधी की ‘कोमा’? स्पॅनिशमधल्या आज्ञा कुठून शिकवाव्यात

पाटीपेन्सिल
घरी चार-पाच जणांना स्पॅनिश शिकवते. आजवर हाताळलेल्या पुस्तकांत आज्ञा नेहमी ‘तू’पासून सुरू झाल्या. कारण उघड आहे, नवं काही पाठच करायचं नसतं. ‘आब्ला’ म्हणजे तो बोलतो, आणि ‘आब्ला’ म्हणजेच बोल. कोमे : तो खातो, खा. एस्क्रिबे : तो लिहितो, लिही.

मला हा सोपेपणा फसवा वाटतो. आधी ‘उस्तेद’, म्हणजे आपलं अहो-जाहो शिकवावं. ‘मी’चं रूप घ्या (आब्लो), शेवटचा ओ काढा, ‘आर’वाल्या क्रियापदाला (मूळ रूप आब्लार) ए लावा, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना (कोमेर, एस्क्रिबिर) आ. आब्ले, कोमा, एस्क्रिबा. (‘कोमा’ला वर्ग हमखास हसतो. म्हणायचं ‘जेवा’ आणि ऐकू येतं ‘बेशुद्ध पडा’.) पुढे न जोडला की अनेकांना आज्ञा : आब्लेन, कोमान. ‘मोस’ जोडलं की आब्लेमोस, बोलूया. नकारही याच घरातला : नो आब्लेस, बोलू नकोस. ‘तू’ची आज्ञा मात्र नकारात कामाची नाही. ‘नो आब्ला’ म्हणालात तर त्याचा अर्थ ‘तो बोलत नाही’.

शिवाय दक्षिण अमेरिकेत रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवर ‘पारे’ लिहिलेलं असतं. पारार म्हणजे थांबणे, पारे म्हणजे थांबा. ‘सेदा एल पासो’, वाट द्या. दारावर ‘एम्पुखे’, ढकला. पाट्या अनोळखी माणसाशी बोलतात, आणि नवशिकाही अनोळखी माणसांशीच बोलणार ना?

तळ्यात मळ्यात
माद्रिदमध्ये आठ वर्षं काढली, म्हणून ठामपणे सांगते : बाई, तुमची मुलं इथे आली तर पाहुण्यांसारखी वावरतील. रस्त्यात कुणाला थांबवायचं तर लोक ‘पेर्दोना’ (माफ कर) म्हणतात, ‘पेर्दोने’ फार वयस्कर माणसासाठी. दिवसभर कानावर पडतं ते ‘मीरा’ (बघ), ‘एस्पेरा’ (थांब), ‘पासा, पासा’ (ये, ये आत). सुरुवातीला मी दुकानातल्या बाईला उस्तेद म्हणायचे, तर तिनेच विचारलं, मी इतकी म्हातारी दिसते का?

आणि बिल मागायला आज्ञा लागतच नाही. ‘मे कोब्रास?’ असा प्रश्नच विचारतात, आपल्या ‘बिल देता का?’सारखा.

तुमच्या यादीत ‘वोसोत्रोस’ (‘तू’चं अनेकवचन) कुठे आहे? चार मैत्रिणींना काही सांगायचं तर इथे ‘आब्लेन’ परकं वाटतं. मूळ क्रियापदातला र काढून द लावायचा : आब्लाद, कोमेद, एस्क्रिबिद. बोलताना मात्र बरेच जण तो द लावतच नाहीत, सरळ ‘आब्लार’ म्हणून मोकळे होतात, आणि शाळामास्तर कपाळाला हात लावतात.

पाटीपेन्सिल
वोसोत्रोस राहिलं, मान्य. पण तो स्पेनपुरता प्रश्न. बाकी सगळीकडे मित्रांच्या घोळक्यालाही ‘आब्लेन’च म्हणतात.

गूळपोळी
कोलंबियात, बोगोताला दोन वर्षं होतो. तिथे मित्र मित्राला, भाऊ भावाला उस्तेद म्हणतो. आपल्याकडे ‘अहो’ म्हटलं की आदर किंवा अंतर, हे समीकरण तिथे लागू होत नाही. त्यामुळे ‘उस्तेद म्हणजे अहो-जाहो’ असं फळ्यावर लिहू नका, एवढंच म्हणणं. क्रमाबद्दल मी बाईंच्या बाजूने.

उलटं घड्याळ
तुम्ही भांडत बसा, सगळ्यात सोपी आज्ञा ब्युनोस आयर्सला आहे. तिथे तू म्हणजे ‘वोस’. क्रियापदातला र काढा आणि शेवटावर जोर द्या, संपलं. आब्ला, कोमे, एस्क्रिबी. आठ अपवाद पाठ करत बसा, ही ‘तू’मधली कटकट इथे जवळजवळ नाहीच. पोन (ठेव), साल (बाहेर पड), तेन (धर) वगैरे कशाला? वोसवाले सरळ पोने, साली, तेने म्हणतात.

शुद्धलेखन
बाईंचा ए-आ नियम वहीत उतरवला की गडबडतो. बुस्कारचं (शोधणे) बुस्के करताना सी जाऊन क्यू-यू येतं. पागारचं (पैसे देणे) पागे करताना जीनंतर यू घुसतो. क्रुसारचं (ओलांडणे) क्रुसे करताना झेडचा सी होतो. ‘तू’च्या पागा, बुस्का, क्रुसामध्ये यातलं काहीच नाही. मुलं वहीत चुकतात आणि भाषेलाच घाबरायला लागतात.

गूळपोळी
तुम्ही आत्ताच ते देवनागरीत लिहिलंत ना? बुस्कार, बुस्के. पागार, पागे. काही अडलं का? उच्चार तोच ठेवायचा म्हणून रोमन अक्षरं बदलतात, क्रियापद जागचं हलत नाही. मराठी मुलांना पहिला आठवडा देवनागरीतच शिकवा की.

पाटीपेन्सिल
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच करून बघते.

शुद्धलेखन
आणि परीक्षेत देवनागरी लिहिणार का?

प्रवासी पक्षी
मोठ्यांच्या भांडणात शिरतो. कामासाठी मेक्सिकोला चाललोय, ग्राहकांना भेटायचंय. मी कुठलं पाठ करू?

गूळपोळी
ग्राहक म्हणजे उस्तेद, डोळे मिटून. ‘पासे’, ‘एस्पेरे’, ‘तोमे’ (घ्या), एवढ्यावर पहिला दिवस निघतो. थांबायच्या पाटीवर तिथे ‘आल्तो’ असतं, पारे नाही. दार ओढायचं तर ‘खाले’. आणि कुणी ऐकू आलं नाही म्हणून ‘मांदे?’ म्हणालं तर दचकू नका. मांदार म्हणजे आज्ञा करणे. ते ‘काय म्हणालात?’च्या जागी ‘आज्ञा करा’ म्हणतायत, तेसुद्धा उस्तेदच्या रूपात.

पाटीपेन्सिल
म्हणजे अख्खं मेक्सिको माझ्या बाजूला धरते.

तळ्यात मळ्यात
धर गं. आणि आता मला अहो-जाहो बंद कर.