बाबांना काळी संडास होतेय, दवाखान्यात यायला तयार नाहीत. सकाळपर्यंत थांबू का?

आभाळवेडी | रात्री ९:४०

घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर समजून घ्या.

बाबा ६९ वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून ॲस्पिरिन ७५ आणि मेटोप्रोलॉल रोज चालू आहे. गेला महिनाभर गुडघे फार दुखतायत म्हणून डायक्लोफेनॅक घेतायत, दिवसातून दोनदा, कधी तीनदाही. ही गोळी हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली नाही. कधीच्या तरी जुन्या चिठ्ठीवर परत परत आणलीये, हे मला आज कळलं.

परवापासून ते गप्प गप्प आहेत. जेवत नाहीत, विचारलं की "पोट जड वाटतंय" एवढंच. आज संध्याकाळी त्यांच्या पाठोपाठ मी संडासात गेले तर वास वेगळाच होता. नेहमीचा नव्हे. उग्र, जरा लोखंडासारखा, नाकातून जाईना असा. कमोडच्या कडेला डांबरासारखा काळाकुट्ट चिकट डाग. पाण्याने हलला नाही. ब्रशने घासला तेव्हा पाण्यात पसरला, आणि पसरताना तो काळा नव्हता, तांबूस होता. आईला विचारलं तर म्हणाली, दोन दिवस ते आत दोन-दोनदा फ्लश करतायत, मला वाटलं टाकी बिघडली.

बाबांना विचारलं तर भडकले. "आता माझी संडास तपासणार का तू?" पोटात दुखत नाही, उलटी नाही, सकाळी बघू, म्हणाले. खुर्चीतून उठताना मात्र टेबलाची कड धरून थांबले, डोळे मिटून. हात गार लागतोय. घरच्या मशीनवर बीपी १०४/६२ आहे, एरवी १३५ च्या आसपास असतं. नाडी ८४. नाडी ठीक आहे म्हणजे फार रक्त गेलं नसेल ना? मागच्याच आठवड्यात हिमोग्लोबिन १२.८ होतं.

दवाखान्याचं नाव काढलं की ते उठून आतल्या खोलीत जातात. माझे मोठे काका असेच स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेले होते आणि परत आले नाहीत. त्यानंतर बाबांनी स्वतःच्या स्टेंटच्या वेळीही दोन दिवस छातीत दुखतंय हे लपवलं होतं.

सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? आणि नाही चालणार, तर यांना न्यायचं कसं?

---

रात्रपाळी | रात्री ९:५१

थांबू नका. आत्ता न्या.

मी चौदा वर्षं एंडोस्कोपी (दुर्बिणीने पोट तपासण्याच्या) विभागात नर्स आहे. तुम्ही लिहिलेला वास, तो चिकटपणा, घासल्यावर आलेला तांबूस रंग, हे रक्तच आहे. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त गेलं की पुढे पचत पचत येतं आणि असं डांबरासारखं होतं. लोहाच्या गोळीनेही संडास काळी होते, पण तिला हा वास नसतो आणि ती अशी चिकटून राहत नाही.

नाडी ८४ बघून निश्चिंत होऊ नका. मेटोप्रोलॉल नाडी वाढूच देत नाही. रक्त कमी झाल्यावर शरीर जी धावपळ करतं ती या गोळीमुळे दिसत नाही. त्यांचं बीपी नेहमीपेक्षा तीसने खाली आहे, उठताना भोवळ येतेय, हात गार आहेत. मी त्याकडे बघेन.

मागच्या आठवड्याचं हिमोग्लोबिनही विसरा. आत्ता केलं तरी ते पहिले काही तास बऱ्यापैकी चांगलं दिसू शकतं, कारण जातं ते अख्खं रक्त. शरीराने किंवा सलाइनने त्यात पाणी भरलं की मग आकडा उतरतो.

तोवर त्यांना आडवं करा. चालवू नका, जिने उतरवू नका, संडासालाही एकटं सोडू नका (आमच्याकडे येणारे बरेच पेशंट संडासातच चक्कर येऊन पडलेले असतात, डोक्याला खोक घेऊन येतात). तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नको, पोट रिकामं असलं तर दुर्बिणीतून नीट दिसतं. डायक्लोफेनॅकची रात्रीची गोळी अजिबात नको. ॲस्पिरिनचं काय करायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील, स्टेंट आहे हे त्यांना आल्या आल्या सांगा. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत भरा. आणि ॲम्ब्युलन्स बोलवा, स्वतःच्या गाडीत रस्त्यात उलटी झाली तर तुम्ही एकट्या काय करणार?

---

आभाळवेडी | रात्री १०:००

ॲम्ब्युलन्सला फोन केलाय, वीस मिनिटं म्हणतायत. बाबा पलंगावर आडवे झालेत पण म्हणतात, "ती गाडी आली तर परत पाठव, मी चढणार नाही." पोटात दुखत नाही यावर अडून बसलेत. आई रडतेय. मी काय बोलू त्यांच्याशी?

---

दुसरी_पायरी | रात्री १०:०६

माझ्या आईच्या वेळी मी वाद घातला. "तुला काही कळत नाही", "उद्या काही झालं तर आम्हालाच निस्तरावं लागेल" असलं सगळं बोललो. ती आणखी घट्ट झाली. पूर्ण रात्र गेली त्यात. पहाटे तिला रक्ताची उलटी झाली, कॉफीच्या चोथ्यासारखी, आणि मग उचलून न्यावं लागलं. ती वाचली, पण आयसीयूत नऊ दिवस काढले. माझ्या वादात गेलेले ते सात तास मला अजून छळतात.

नंतर तिनेच सांगितलं की तिला मरणाची भीती नव्हती. परक्या लोकांसमोर कपडे काढावे लागतील, कुणीतरी आपली घाण काढेल, याची लाज होती. हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी सगळा वेळ तिला रोग समजावत बसलो होतो.

तुमचे बाबा दोनदा फ्लश करत होते, त्यावरून लिहितोय. एकदा आईला बाहेर पाठवा, त्यांच्याजवळ बसा, उभ्याने बोलू नका. तो डाग तुम्हीच घासलात हे त्यांना सांगा. आणि खोटं बोलून, "फक्त चक्कर मारून येऊ" वगैरे सांगून नेऊ नका, तिथे पोचल्यावर ते पहिल्या मिनिटाला उठून बसतील.

---

नाडीपरीक्षा | रात्री १०:१२

मी फिजिशियन आहे. वर नर्सताईंनी लिहिलंय त्यात काहीही बदलायचं नाही.

न दुखण्याबद्दल: दुखण्याच्या गोळ्यांमुळे झालेला अल्सर पुष्कळदा दुखतच नाही, उतारवयात तर विशेष. गोळी दुखणं दाबतेही आणि जखमही करते. पहिली खूण थेट रक्तस्रावाचीच असू शकते. त्यामुळे "दुखत नाही" हा त्यांचा मुद्दा प्रामाणिक आहे, पण त्यातून काही सिद्ध होत नाही.

काकांचं नेमकं काय झालं मला माहीत नाही. बाबांना एवढं सांगा, की दुर्बीण घशातून जाते, गुंगीचं औषध देतात, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत काम होतं. रक्त येणारी जागा दिसली तर तिथल्या तिथे इंजेक्शन देऊन, क्लिप लावून किंवा शेक देऊन ती बंद करतात. बहुतेकांना पोट उघडावं लागत नाही.

ते शुद्धीवर आहेत, त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, तोवर त्यांच्या नकाराला किंमत आहे. म्हणून त्यांना खरं सांगून होकार मिळवा. पण ते असंबद्ध बोलायला लागले, झापड यायला लागली, घामाने थबथबले, तर तो नकार त्यांचा राहिलेला नाही, तो मेंदूला रक्त कमी पडल्याचा परिणाम आहे. मग विचारत बसायचं नाही.

---

आभाळवेडी | रात्री १०:५८

कॅज्युअल्टीच्या बाहेर उभी आहे. बाबा आत आहेत. दोन्ही हातांना सलाइन लावलंय, रक्तगटाला रक्त घेतलं.

ते चढले ॲम्ब्युलन्समध्ये. दुसरी_पायरी, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. आईला गोळ्या गोळा करायला पाठवलं आणि पलंगाच्या कडेला बसले. म्हटलं, "बाबा, तो डाग मी घासला. मला किळस नाही आली, भीती वाटली." ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रविवारपासून आहे." म्हणजे परवापासून नाही. चार दिवस!

मग मी काकांचं बोलले. म्हटलं, काका अगदी शेवटी दवाखान्यात गेले, तुम्ही आत्ता निघालात तर तुम्ही काकांसारखे नाही. ते बरोबर होतं का माहीत नाही, तोंडाला आलं ते बोलले. त्यांनी फक्त विचारलं, "तू आत येशील ना?" ॲम्ब्युलन्सवाला मुलगा स्ट्रेचर घेऊन वर आला तेव्हा त्यांनी स्वतःच चादर बाजूला केली.

---

आभाळवेडी | दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:२०

आल्या आल्या हिमोग्लोबिन ९.४ होतं, पहाटे ६.६. नर्सताई, तुम्ही आधीच सांगितलं नसतंत तर आकडा असा उतरताना बघून मी कोसळलेच असते. दोन पिशव्या रक्त दिलं. सकाळी एंडोस्कोपी झाली. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होता आणि त्याच्या तळाशी रक्तवाहिनीचं टोक उघडं दिसत होतं. डॉक्टरांनी स्क्रीनवरचा फोटो दाखवला. पांढरट खड्डा आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका. एवढ्याशा ठिपक्यातून चार दिवस रक्त जात होतं. ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन देऊन दोन क्लिपा लावल्या. पॅन्टोप्राझोल (पोटातलं ॲसिड कमी करणारं औषध) शिरेतून चालू आहे.

मला आत येऊ दिलं नाही, पण दारापर्यंत त्यांचा हात धरून गेले.

आई स्वतःला दोष देत बसलीये, माझ्या हातचं तिखट खाऊन झालं म्हणतेय. बाबा म्हणतात काळजीने झालं. जंतूसाठी तुकडा घेतला होता तो निगेटिव्ह आलाय. मग फक्त गोळ्यांमुळेच म्हणायचं का?

---

नाडीपरीक्षा | दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ७:०५

फार बरं वाटलं वाचून.

आईंना सांगा, तिखटाने अल्सर होत नाही. काळजी आणि तिखट हेच कारण, असं डॉक्टरसुद्धा पूर्वी मानायचे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी पेशंटच्या जठरातून एक वळणदार जंतू वाढवून दाखवला. हाच तो हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोकांना पटेना तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी तो जंतू स्वतः पिऊन घेतला आणि काही दिवसांत जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज अल्सरची मुख्य कारणं दोन, हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. तुमच्या बाबांना डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन दोन्ही एकदम चालू होत्या, आणि पोट सांभाळणारी गोळी सोबत नव्हती.

जंतू निगेटिव्ह आला त्यावर मात्र शिक्का मारू नका. रक्तस्राव चालू असताना आणि पॅन्टोप्राझोलवर असताना ही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. नंतर श्वासाची तपासणी परत करून घ्यायला सांगा. ती पॅन्टोप्राझोल दोन आठवडे बंद ठेवून करतात, पण ते कधी बंद ठेवता येईल हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या, अल्सर भरायच्या आत स्वतः बंद करू नका.

आणि गुडघ्यासाठी कुणी "गोळी नको तर इंजेक्शन घ्या" म्हणालं तरी नाही म्हणा. हे औषध जठराच्या अस्तराला जपणारी रसायनंच कमी करतं, ते रक्तातून गेलं तरी तेच करतं.

---

आभाळवेडी | नऊ दिवसांनी

बाबा घरी आलेत. तिसऱ्या दिवशी दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून ॲस्पिरिन परत सुरू केलं, स्टेंटमुळे ते बंद ठेवून चालणार नव्हतं. सोबत पॅन्टोप्राझोल. डायक्लोफेनॅकची उरलेली पाकिटं मी फोडून टाकली. गुडघ्यासाठी आता पॅरासिटामॉल आणि व्यायाम, पुढच्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचंय. श्वासाच्या तपासणीचं विचारलं, डॉक्टर हो म्हणाले, अल्सर भरल्यावर करू.

दुसरी_पायरी, तुमच्या आईबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी बाबांना वाचून दाखवलं, कालच. सात तासांचं वाचताना माझा आवाज बसला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचायला लावलं. तुमची आई आता कशी आहे असं त्यांनी विचारलंय.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस जुनं रक्त पडेल, काळं दिसेल, घाबरू नका, पण नंतर परत काळं झालं तर लगेच या, असं सांगितलं होतं. मला हे रोज कसं विचारायचं याचं दडपण होतं. आज सकाळी ते संडासाचं दार उघडं ठेवून आतच थांबले आणि मला हाक मारली. फ्लश केलेलं नव्हतं.

"बघून घे," म्हणाले.

तपकिरी होती.