मदत हवी आहे: जुन्या गाड्या घेऊन सातारा ते गुहागर, गणपतीपुळे

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यातले जुन्या गाड्या बाळगणारे सातजण दिवाळीनंतर दोन मुक्कामांची किनारा सफर करतोय. उंब्रज, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाटाने चिपळूण, पुढे गुहागर. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि गणपतीपुळे. तिसऱ्या दिवशी आरे-वारेचा रस्ता, रत्नागिरी आणि आंबा घाट चढून परत.

माझी खरी काळजी फेरीबोटीची आहे. आमच्यातल्या दोन गाड्या फार खाली बसतात, सायलेन्सर लगेच घासतो. ओहोटीला बोटीवर चढायचा उतार जास्त तीव्र होतो, म्हणून भरतीची वेळ गाठावी असा विचार आहे. हेदवीची बामणघळही भरतीलाच बघण्यासारखी, घळीत शिरलेलं पाणी उंच उसळतं. पण एकाच भरतीत दोन्ही कसं जमवायचं? उधाणाचे दिवस टाळून अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) गेलो तर बोटीवर चढणं सोपं जाईल, पण मग घळीत पाणी उसळेल का?

दुसरं, आंबा घाट. वडिलांची कार्बुरेटरवाली गाडी चढाला तापली की पेट्रोलची वाफ होते आणि पंप ओढत नाही. ओलं फडकं टाकून अर्धा तास थांबावं लागतं. वडील ७४ वर्षांचे आहेत, स्वतः चालवणार आहेत, त्यांची ही सफर नीट व्हावी असं मनापासून वाटतं. साखरपा सोडल्यावर सात गाड्या सुरक्षित लागतील अशी सावलीची जागा कुठे आहे?

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.