स्लाइड कम्प्युटर वाचंल हो, पण बनवंल कोण?

खारपाणपट्टा
परवा आपल्याच ग्रुपात एका भावाने टाकलं होतं, "पाच वर्षांत खेड्यातल्या लॅबवाल्यांचं दुकान बंद, एआय एका मिनिटात स्लाइड वाचते, थकत नाही, चुकत नाही, कट मागत नाही." खाली अंगठ्यांचा पाऊस. तेव्हापासून डोक्यात बसलं म्हणून लिहून राह्यलो, मोठं झालं तर वाचू नका.

एक तर हे पाच वर्षांचं गाणं जुनं आहे. २०१६ मध्ये एआयचा मोठा शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन, म्हणजे ज्याले नंतर २०२४ ले फिजिक्सचं नोबेल भेटलं तोच, तो म्हणाला होता का रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे-सोनोग्राफी वाचणारे डॉक्टर, तयार करणं आताच बंद करा, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत कम्प्युटर त्याइच्या पुढे जाईल. आमच्या तालुक्यात आजही सोनोग्राफीवाले डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात आणि बाया सकाळी सातपासून पायरीवर बसून असतात.

दुसरं म्हणजे स्लाइड, काचपट्टीवर रक्त पसरून रंगवलेली. ती आकाशातून पडत नाही. थेंब मोठा पडला की स्मीअर, म्हणजे रक्ताचा थर, जाड होते, हात थरथरला की पातळ शेपटी येत नाही. लेशमन रंगाले पीएच ६.८ चं बफर पाणी लागते, आणि आमच्या पट्ट्यातल्या बोअरचं पाणी असं की त्याने धुतलं तर लाल पेशीही निळ्या दिसतात. पहिली दोन वर्षं मी असाच मालक लोकाइच्या शिव्या खात होतो, मग डिस्टिल्ड वॉटरचे कॅन स्वतःच्या पैशाने आणले. तुमची एआय ती निळी स्लाइड पाहून काय सांगणार?

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. डेंग्यूचे दिवस होते. १४ वर्षांची पोरगी, ताप उतरलेला, पोरगी बसून बिस्कीट खाऊन राह्यली. पेशी मोजायच्या मशीनने, काउंटरने, छापलं प्लेटलेट १९ हजार. तिकडे डॉक्टरने लगेच लिहिलं अकोल्याले हलवा. बापाने पेरणीचे ठेवलेले पैसे काढले, गाडी दारात लागली. मले पोरीकडे पाहून पटत नव्हतं, म्हणून स्लाइड लावली तर शेपटीकडे प्लेटलेटचे गठ्ठेच गठ्ठे, द्राक्षाच्या घोसासारखे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे ईडीटीए असते ना, एखाद्याच्या रक्तात त्यानेच प्लेटलेट एकमेकाले चिकटतात आणि काउंटर घोसाले एक मोजते. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा घेतलं, पातळ होते म्हणून दहा टक्के वाढवले, आले १ लाख ५८ हजार. गाडी परत गेली. भाडं मात्र गाडीवाल्याने अर्धं घेतलंच.

सांगा आता दुकान बंद करू का.

हिंजवडीतला पोट्टा
ती अंगठ्याची पोस्ट माझीच होती दादा. गोष्ट भारी आहे पण तिच्यात एक गोष्ट तुम्ही गाळली. बहुतेक काउंटर अशा वेळी आकड्याशेजारी चांदणी नाहीतर क्लम्पचा इशारा छापतात. छापला होता का नव्हता? खरं सांगा.

खारपाणपट्टा
होता.

हिंजवडीतला पोट्टा
मग? मशीनने सांगितलं, माणसांनी वाचलं नाही. हाच तर माझा मुद्दा आहे.

आणि मी हे हौसेनं नाही लिहिलं. माझे मोठे बाबा, आर्णीकडे शेती, ३० वर्षं तंबाखूचा खर्रा. गालाच्या आत पांढरा चट्टा, मग त्याचा फोड. तुकडा काढून नागपूरला पाठवला आणि रिपोर्ट यायला २४ दिवस. २४! रोज फोन करायचो, "मॅडम सुट्टीवर आहेत", "ब्लॉक झाला, स्लाइड व्हायची आहे", "सही राहिली आहे". तोवर फोड जबड्यापर्यंत गेला होता. अमेरिकेत औषधं-मशीनं पास करणाऱ्या एफडीएने अख्खी स्लाइड स्कॅन करून स्क्रीनवर निदान करायला २०१७ मध्येच परवानगी दिली, प्रोस्टेटच्या तुकड्यात कॅन्सर कुठे असू शकतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर २०२१ मध्ये पास झालं, आणि आपण अजून येष्टीच्या कंडक्टरच्या हातात डबी देतो. यवतमाळला स्कॅन झालं असतं तर नागपूर काय, मुंबईतल्या माणसाने त्याच रात्री पाहिलं असतं. तुमचं बोअरचं पाणी ठीक आहे पण माझा राग समजून घ्या.

सूक्ष्मदर्शी (एमडी पॅथॉलॉजी)
तुमच्या मोठ्या बाबांबद्दल वाईट वाटलं. पण २४ दिवस वाचण्यात गेले असं समजू नका. तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरायला एक दिवस, प्रोसेसिंगला रात्रभर, मग मेणाचा ब्लॉक, मग ३-४ मायक्रॉनचे काप, मग रंग. स्लाइड माझ्यासमोर आल्यावर असा गालाचा कॅन्सर ओळखायला पाच मिनिटंही लागत नाहीत. वेळ गेला तो माणसं नाहीत म्हणून, प्रवासात आणि टेबलाटेबलावर. स्कॅनर त्यातलं काहीही करत नाही, शिवाय एका स्लाइडची फाइल एकेक जीबीची, ती आर्णीच्या नेटवर्कवरून चढवून दाखवा.

आणि खारपाणपट्टा, तुमची प्लेटलेटची गोष्ट बरोबर आहे, शाबासकी. पण एक विचारते. "माझं टेबल", "दुकान" असं लिहिता. तुम्ही डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमावाले ना? मग रिपोर्टवर सही कोणाची जाते? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट म्हटलंय, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. एआयच्या आधी हा प्रश्न.

खारपाणपट्टा
आलं! मले माहीतच होतं हे येणार. विषय एआयचा, पण मॅडमले दिसलं ते डीएमएलटी.

मॅडम, तुमच्या बॅचचे किती जण तालुक्याले आले? बोट दाखवा एक. २२ वर्षं झाली, ४६ डिग्रीत, लाइट गेली की इन्व्हर्टरवर, कोणाले साप चावला तर रात्री तीन वाजता उठून रक्त गोठते का नाही ते काचेच्या नळीत वीस मिनिटं पाहत बसतो मी. तेव्हा कोणी विचारत नाही सही कोणाची. सही पाहिजे असते दिवसा.

रक्तपेढीतला जुना माणूस
दोघंही अर्धंच सांगून राह्यले. मी एका लॅबमध्ये होतो, गाव सांगत नाही. तिथे एका डॉक्टरसाहेबांची सही स्कॅन करून कम्प्युटरात टाकलेली, साहेब जिल्ह्याच्या गावी, महिन्याले पाकीट जायचं. एकदा साहेब आठ दिवस दवाखान्यात अॅडमिट होते, त्या आठ दिवसांतही त्याइची सही रोज सत्तर रिपोर्टावर झाली. मॅडम, ही सही विकते कोण? डीएमएलटीवाला तर घेणारा आहे.

सूक्ष्मदर्शी (एमडी पॅथॉलॉजी)
विकणाऱ्यांचं समर्थन मी कधी केलं? त्यांची नोंदणीच रद्द व्हायला हवी. पण "विकणारा चोर आहे म्हणून घेणारा साव" हे कोणतं गणित?

खारपाणपट्टा
साव नाही म्हणत. २०२१ चा अलाइड हेल्थवाला, म्हणजे आमच्यासारख्या टेक्निशियन लोकाइचा, कायदा आला, वाटलं आता आपल्याले काही जागा भेटंल, नोंदणी होईल, काय करता येते काय नाही ते कागदावर येईल. अजून वाटच पाहून राह्यलो. शुगर, हिमोग्लोबिन, लघवी यासाठी तरी मले चोरासारखं वागवू नका एवढंच.

तूर-कपाशी
तुमची सही-बिही मरू द्या. मले हे सांगा, माह्या घरी चौघं, चौघाइलेही टायफाइड. दरवर्षी. श्रावणात ताप आला का गावातला डॉक्टर म्हणते विडाल करा, विडाल केलं का निघतेच, मंग तीन दिवस सलाइन, पंधराशे-दोन हजार. माह्या बायकोले आतापर्यंत सहा वेळा टायफाइड निघाला. येवढा टायफाइड तर कोनाच्या बापाले होत नसन. हे काहून होते?

सूक्ष्मदर्शी (एमडी पॅथॉलॉजी)
कारण आपल्या भागात निरोगी माणसाच्या रक्तातही विडाल थोडी पॉझिटिव्ह येऊ शकते, आधी कधी झालं असेल तरी येते, दुसऱ्या तापातही येते. एकदाच केलेल्या विडालला फारसा अर्थ नाही. औषध सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहणं, करायला हवं, ते कोणी करत नाही.

याची किंमत आपण मोजली आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफसने माणसं गेली. तो गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो, आणि पुष्कळांच्या अंगावर सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली असते. काखेत, जांघेत, कमरेला नाडी बांधतात तिथे. डॉक्सिसायक्लिन वेळेत दिलं तर माणूस वाचतो, गोळ्या स्वस्त आहेत. पण लुगडं सोडून कंबर पाहायला वेळ कोणाला? विडाल लिहिणं सोपं.

खारपाणपट्टा
यावर मात्र मॅडमच्या पायाशी. आणि लाज वाटते पण लिहितो, विडालवरच माझं भाडं निघते. डॉक्टर लिहून देते, मी नाही म्हटलं तर बाजूच्या लॅबमध्ये जाईल. चारदा सांगून पाह्यलं, पाचव्यांदा त्या डॉक्टरचे पेशंटच बंद झाले.

हिंजवडीतला पोट्टा
😂 म्हणजे "कट मागत नाही" हे मी लिहिलेलं अगदीच खोटं नव्हतं तर.

खारपाणपट्टा
हसू नको बे.

कुरखेड्याची आशा
मी मघापासून वाचत आहे जी. तुम्ही सगळे मोठे लोक सहीवरच भांडून राहिले. आमच्याकडं ते हातात धरायचं एक्स-रे मशीन आलं होतं, बॅटरीवालं, शाळेच्या व्हरांड्यात लावलं. कम्प्युटरनं लगेच सांगितलं कोणाच्या छातीत डाग आहे. एक म्हातारा, खोकला नाही काही नाही, तेंदूपत्ता तोडायला जाणारा, तो नुसता गंमत पाहायला आला होता, त्याचाच फोटो लाल आला. थुंकी ट्रूनॅटला, टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनला दिली, टीबी निघाला. घरात दोन नातवंडं. मला तर मशीन चांगलंच वाटलं.

पण सिकलचं, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, वेगळं आहे. आम्ही बोटातून रक्त घेऊन नळीत टाकतो, नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसल्या नाही तर पॉझिटिव्ह. पण त्यात वाहक की रुग्ण हे कळत नाही, त्यासाठी रक्त एचपीएलसी नावाच्या मोठ्या तपासणीला पाठवावं लागते. एका पोरीचं पाठवलं, साक्षगंध झालं, पत्रिका छापल्या, तरी रिपोर्ट नाही. मुलगा वाहक होता हे आम्हाला माहीत, पोरीचं माहीत नाही. पोरगी मला रोज विचारायची, ताई आलं का. लग्नाच्या नऊ दिवस आधी आला. तीही वाहक, म्हणजे लेकराला आजार व्हायची भीती. मग त्या घरात काय झालं ते मी इथं लिहीत नाही.

सूक्ष्मदर्शी (एमडी पॅथॉलॉजी)
ताई, तुमचं बरोबर आहे. २०२३ च्या जुलैत सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, शून्य ते चाळीस वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं उद्दिष्ट. तपासणीचे आकडे मोठे दिसतात, पण तो कागद त्या पोरीच्या हातात कधी पडला हे कोणी विचारत नाही. आणि कोणाला तीन महिन्यांच्या आत रक्त चढवलं असेल तर आधी सांगत जा, नाहीतर एचपीएलसी दुसऱ्याच्याच रक्ताचं उत्तर देईल.

वणीचा काळा धूळवाला
टीबीच्या मशीनचं लय कौतुक चाललं म्हणून सांगतो. माझे वडील २६ वर्षं कोळसा खाणीत. कॅम्पात फोटो काढला, कम्प्युटर म्हणे टीबी. थुंकी दोनदा दिली, दोन्ही वेळा निल. तरी गावात बोभाटा झाला, चहाच्या टपरीवर बाबांचा कप वेगळा. शेवटी सेवाग्रामला नेलं, तिथल्या डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, काम काय करायचे? खाणीची धूळ आहे म्हणे फुफ्फुसात. कम्प्युटरने विचारलं होतं का काम काय करायचे?

हिंजवडीतला पोट्टा
हे वाचून वाईट वाटलं भाऊ. पण तो फोटो निदान नसतोच, चाळणी असते. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्यांसाठी मान्यता दिली ती टीबी कोणाकडे शोधायचा ते ठरवायला, पक्कं थुंकीवरच होतं. टपरीवाल्याच्या कपाचा दोष सॉफ्टवेअरवर टाकू नका.

खारपाणपट्टा
हे म्हणजे पुन्हा "माणसांनी वाचलं नाही". दर वेळी माणूसच चुकते का रे? थायलंडमध्ये गुगलने डोळ्याच्या पडद्याचे फोटो तपासायची एआय लावली होती, तिथे १८३८ फोटोंपैकी २१ टक्के मशीनने परत केले, फोटो नीट नाही म्हणे. खोली उजेडाची, नर्स बिचारी घाईत. ज्याचा परत आला त्याले दुसरीकडे तपासायले जा म्हटलं, रोजी बुडवून. लॅबमध्ये हीच एआय हुशार होती.

हिंजवडीतला पोट्टा
माहीत आहे ते. निदान मशीनने "मला दिसत नाही" असं म्हटलं तरी. तुमच्या विडालने कधी म्हटलं?

खारपाणपट्टा
...हे बरोबर बोलला. एवढंच. जास्त खुश होऊ नको.

ठीक आहे, माझं असं होतं बघ. मशीन आणा, माझ्या टेबलावर ठेवा, मलेरियाच्या दिवसात शंभर-शंभर स्लाइड पाहून माझेही डोळे जातात, तेव्हा तिने डाग दाखवला तर मी नाही म्हणणार नाही. पण सोबत डिस्टिल्ड वॉटरचं बिलही पास करा, आणि ताईच्या पोरीचा रिपोर्ट नऊ दिवस आधी नाही, साक्षगंधाच्या आधी आणा. त्यासाठी एआय लागत नाही, जीपगाडी लागते.

सूक्ष्मदर्शी (एमडी पॅथॉलॉजी)
यावर मी सही करायला तयार आहे. फुकट. 😏

रक्तपेढीतला जुना माणूस
स्कॅन करून ठेवा रे लवकर.

तूर-कपाशी
ते हातातलं एक्स-रेवालं मशीन आमच्या गावाले गुरुवारी येनार हाय म्हने ग्रामपंचायतीत. बुढीले महिनाभरापासून खोकला हाय. नेऊ का? उपाशी पोटी न्या लागते का?

कुरखेड्याची आशा
न्या जी. जेवून न्या. थुंकीची डबी मागून घ्या, ती द्यायला ते लोक विसरतात. गळ्यातली पोत घरीच काढून ठेवा म्हणा, नाहीतर फोटोत येते.

तूर-कपाशी
पोत काढत नाही बुढी. पाह्यतो.