चिरंजीवींना दिलेलं मत कुठे गेलं? सीमेवरच्या गावांनी आपले अनुभव लिहा

आमचं गाव राजुरा तालुक्यात, कोळसा खाणीच्या शेजारी. खाणीतली कितीतरी घरं तेलुगू, त्यामुळे लहानपणी गणपतीत पडद्यावर तेलुगू सिनेमाचा नट चिरंजीवी ठरलेला. २६ ऑगस्ट २००८ ला तिरुपतीच्या सभेत त्यांनी प्रजा राज्यम पक्षाची घोषणा केली, तेव्हा पानठेल्यावरच्या टीव्हीसमोर उभं राहायला जागा नव्हती. त्या गर्दीत मीही होतो. २००९ ला आंध्र प्रदेश विधानसभेच्या २९४ पैकी १८ जागा आल्या. स्वतः तिरुपतीतून निवडून आले, पण जन्मगावाजवळच्या पालकोल्लूत हरले. २०११ मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला, २०१२ मध्ये राज्यसभेत गेले आणि त्याच वर्षी केंद्रात पर्यटन राज्यमंत्री झाले.

त्यांच्या हरण्यावर माझा राग नाही. लोकांनी विश्वासानं सांभाळायला दिलेली वस्तू त्यांनी परस्पर दुसऱ्याच्या हवाली केली, हा माझा आक्षेप आहे. ज्यांचे सोयरे सीमेपल्याड आहेत, जे तिकडे मिरची तोडायला जातात, त्यांनी लिहा. टीव्हीवर ऐकलेलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं सांगा.

जिवती तालुक्यातून

आमचं गाव त्या १४ गावांपैकी एक, ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि पल्याडचं राज्य (तेव्हा आंध्र, आता तेलंगणा) अशा दोघांचा दावा आहे. घरात दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. जमिनीच्या पट्ट्यासाठी मात्र अजून चकरा चालूच आहेत. त्या साली बाबांनी फक्त तिकडचं मत द्यायचं ठरवलं. म्हणाले, "इतके वर्स दोन्हीकडच्यायनं आपल्याले फिरवलं. हा नवा मानूस हाये, याच्यावर कोनाचं देनं नाही." आयुष्यात पहिल्यांदा बाबा मतदानाला धुतलेलं धोतर नेसून गेले. प्रजा राज्यमच्या रेल्वे इंजिनाचं बटन दाबलं आणि घरी येऊन आईला दोनदा सांगितलं.

प्रचारात हा पक्ष 'सामाजिक तेलंगणा', म्हणजे सामाजिक न्यायाचं वेगळं तेलंगणा, म्हणत होता. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रानं वेगळ्या तेलंगणाची प्रक्रिया सुरू करण्याचं जाहीर केलं आणि चिरंजीवी अखंड आंध्राच्या बाजूनं उभे राहिले. बाबा तसेच उठून पल्याडच्या कार्यकर्त्याकडे गेले, सोबत मी. तो अंगणात खाटेवर बसला होता. बाबांनी विचारलं, "हे काय झालं?" तो म्हणाला, "काका, मलेही टीव्हीवरूनच समजलं." विलीनीकरणाच्या वेळी बाबा विचारायलाही गेले नाहीत.

मला सगळ्यात जास्त हेच लागतं. ज्या माणसानं घरोघर फिरून मतं मागितली, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. मंडळात, म्हणजे तिकडच्या तालुक्यात नाही, कुठेच बैठक नाही. वर एक चेहरा आणि खाली आम्ही, मधे कुणीच नाही.

मूल तालुक्यातून (आईनं सांगितलं तसं लिहितो)

संक्रांत झाली का आमी मिरची तोडाले खम्मम जिल्ह्यात जातो. त्या सालीबी गेलो होतो. मिरची तोडतानी नाकातोंडाले फडकं बांधा लागते, नाहीतं ठसक्यानं जीव जाते. मालकाचा पोरगा त्या पक्षात होता. त्यानं आमाले सगळ्यायले पक्षाचे कंडुवे, म्हंजे गळ्यातले पंचे, वाटले, चिरंजीवीचा फोटो छापलेले. म्हणे, "तोंडाले बांधा, प्रचारबी होते." आमाले तं तिकडं मत नव्हतं, पन कापड चांगलं होतं. रोज सांजेले वजन कराले आला का सांगे, "अन्ना मुख्यमंत्री झाले का तुमची मजुरी वाढते." खरंच वाटे त्याले. डोळे असे चमकत त्याचे.

तीन सालानं परत त्याच मालकाकडं गेलो. पोरगा बोलेच ना. पक्षापायी दोन एकर गहान टाकले होते, हे त्याच्या मायनं सांगतलं. माझ्याकडचा कंडुवा धुवून धुवून मऊ झाला होता, फोटो पुसून गेलता. मी तोच बांधून तोडत होती. तो धुऱ्यावरून आला, पायलं अन् म्हने, "अम्मा, हा तेवढा काढ." मी काढला, पदर बांधला.

नागभीडहून

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. पक्ष चालवणं जमत नाही, हे ओळखून सिनेमात परत जाणं मला प्रामाणिक वाटतं. खुर्चीला चिकटून बसलेले आपण कमी पाहिलेत का?

धागा काढणारा

नागभीडच्या भाऊ, जमलं नाही म्हणून आमदारकी सोडून घरी गेले असते, तर मी हा धागाच काढला नसता. पण आधी मंत्रिपद घेतलं. दोन तृतीयांश आमदार सोबत असले की विलीनीकरण कायद्यात बसतं, ते मान्य. पण ज्या काँग्रेस सरकारविरुद्ध मतं मागितली, त्याच काँग्रेसला पक्षाचे आमदार नेऊन दिले. १६ टक्क्यांच्या आसपास मतं होती पक्षाला. जिवतीच्या काकांचं धोतर मला यापुढे विसरता येणार नाही.

सिरोंचा तालुक्यातून, वय ७१

मी तेलुगू देसम पक्ष काढणाऱ्या नटाचा, एन. टी. रामारावांचा काळ पाहिला. मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये मुख्यमंत्री. दोन रुपये किलो तांदूळ दिला. प्राणहितेच्या पल्याड माझी बहीण दिली होती. डोंग्यानं तिच्याकडे गेलो की ताटात भात असायचा. आधी सणासुदीलाच शिजायचा. दोष त्यांच्यातही होते, आणि मोठे होते. सगळं एकहाती चालवायचं, एकदा तर अख्खं मंत्रिमंडळ घरी पाठवलं. शेवटी १९९५ मध्ये त्यांच्याच जावयानं त्यांना खाली उतरवलं. पण १९८९ मध्ये हरले, तेव्हा पक्ष कुणाला देऊन टाकला नाही. विरोधात बसले, १९९४ मध्ये पुन्हा जिंकून आले. पाच वर्षं हरलेल्या माणसासोबत उभं राहणं कसं असतं, हे बहिणीच्या घरच्यांनी पाहिलं. चिरंजीवींनी लोकांना ती संधीच दिली नाही.

पांढरकवड्याजवळून

आमच्याकडे एक नट प्रचाराला आला होता. हेलिकॉप्टरसाठी एका शेतकऱ्याचं वावर सपाट केलं. भाषणात कापसाचा भाव हा शब्द एकदाही नाही. दोन संवाद म्हणून गेला.

सिरोंच्यातून

सगळं वाचलं. मी अजूनही त्यांचा चाहता आहे. नदीपल्याडच्या चाहता मंडळातल्या पोरांनी २००६ मध्ये माझ्या आईला रक्त दिलं, दोन बाटल्या, रात्री अकरा वाजता. मोटरसायकलवर नदीकाठापर्यंत, तिथून नावेनं, पुढे मिळेल त्या गाडीनं आले. त्यांच्यापैकी एकालाही आम्ही ओळखत नव्हतो. चिरंजीवींनी १९९८ मध्ये हैद्राबादेत रक्तपेढी काढली, तेव्हापासून ही सवय चाहत्यांना लागली.

म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं. मध्यरात्री नदी ओलांडणारी पोरं ज्याच्याकडे होती, त्याला कार्यकर्ते कमी पडले असं मी कसं मानू? त्या पोरांना पक्षात काय काम दिलं, तर सभेला गाड्या भरा आणि फ्लेक्स लावा. त्यांच्यातला एकजण आता दुसऱ्या पक्षाचा मंडळ प्रमुख आहे आणि काम चांगलं करतो.

२२ ऑगस्टला त्यांचा वाढदिवस असतो. मी दरवर्षी त्या दिवशी रक्त देतो, यंदाही देईन. मत मात्र गावात बसणाऱ्या माणसालाच देतो.