चमच्या-चमच्याने पाजलेलं पाणी
कृतज्ञता फक्त ओळखीच्या माणसांबद्दलच वाटू शकते, इतिहासातल्या अनोळखी लोकांचे आभार म्हणजे नुसती औपचारिकता, हा मुद्दा मला पटत नाही. एकेकाळी मलाही तसंच वाटायचं. मग मुलगी दीड वर्षाची असताना जुलाबांनी पार मलूल झाली. ओठ सुकलेले, रडत होती पण डोळ्यांत टिपूस नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून रात्रभर ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, चमच्या-चमच्याने पाजत बसले. पहाटे तिने लंगोट ओला केला आणि मलाच रडू फुटलं.

हे पाणी आपल्यापर्यंत कसं आलं, ते पुढे वाचलं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावजवळ बांगलादेशी निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला होता आणि सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा घालून ते पिंपांत भरलं, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. ग्लुकोजच्या सोबतीने आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, एवढ्या एका गोष्टीवर त्यांची भिस्त होती. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं! २०२२ मध्ये ते गेले. पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. याची मला फार चुटपुट लागते. मुलीला मात्र त्यांचं नाव पाठ आहे.